चौथें नांव

सोलापुरांत पार्क चौकाच्या बाजूस जे पुतळे उभे आहेत, त्या जागेस गांवांतील लहानथोर सारे ‘चार पुतळा’ असेंच म्हणतात. रिक्षावाल्यास तेवढें सांगितलें कीं पुरे. परवां तेथून जातांना आमच्या नातवानें विचारलें, “आजोबा, हे चौघे कोण?” आम्ही मास्तरकीच्या जुन्या संवयीनें तत्काळ सांगूं लागलों: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे... आणि तेथेंच अडखळलों. चौथें नांव कांहीं केल्या आठवेना! जन्मभर मुलांकडून सनावळ्या घोकून घेतलेल्या मनुष्यास घरीं येऊन पुस्तक उघडावें लागलें.

सनावळी मात्र आम्हांस बिनचूक येत होती. १९३० च्या मे महिन्याच्या आरंभीं गांधीजींस अटक झाली आणि सोलापूर पेटलें. ८ मे रोजीं गोळीबार झाला, १२ मे रोजीं शहर लष्कराच्या हातीं देण्यांत आलें, तें जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी घालणें हा देखील त्या दिवसांत अपराध ठरला होता. पुढें पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. त्यांत कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे तरुण संपादक. चौघांचीं कुळें, जाती, धर्म निराळे. लष्करी कायद्यानें त्यांस एका पंक्तीस बसविलें.

आपल्या घरांतून पितृपक्षांत तर्पण होतें. तेथें ‘माझे इतके पूर्वज’ असें म्हणून कोणी पाणी सोडीत नाहीं. नाम, गोत्र उच्चारावें लागतें. एखादें नांव विसरलें तर यजमान वडीलधाऱ्यांकडे पाहतो आणि भटजी थांबून राहतात. ज्यांचीं नांवें कोणासच ठाऊक नाहींत, त्यांच्यासाठीं शेवटची अंजलि असते खरी. पण ती शेवटची. नांव ठाऊक असतां ती देणें म्हणजे चुकारपणा होय.

आणि असा चुकारपणा दगडांवरही कोरलेला आढळतो. १९१४ च्या महायुद्धानंतर आपल्याकडील कित्येक गांवीं सरकारनें शिळा बसविल्या. या गांवचे इतके लोक युद्धास गेले, पैकीं इतके मेले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ जण त्या युद्धांत पडले, हें पुष्कळांस तोंडपाठ असतें. त्या शेंचाळिसांपैकीं एकाचें नांव विचारा! बसऱ्यास १९२९ सालीं जें मोठें स्मारक उघडलें, तेथें गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी शिपायांची मात्र बहुतांशीं पलटणवार संख्याच लिहिली. मेसापोटेमियांत, कूतच्या वेढ्यांत, मराठा पलटणींचे लोक उपासमारीनें आणि रोगानें मेले, त्यांच्या वांट्यास हा आंकडा आला. या भेदाबद्दल संबंधित आयोगानें क्षमा मागितली ती २०२१ सालीं. दिल्लीस २०१९ सालीं उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकांत सुमारें २६,००० जवानांचीं नांवें एकेका पाटीवर कोरलीं आहेत, तें पाहून म्हणूनच बरें वाटतें.

आमच्या चौघांवर परक्या सरकारनें तशी वेळ आणिली नाहीं. त्यांचीं नांवें सर्वत्र छापलेलीं आहेत. त्यांचा आंकडा केला तो आम्हीं गांवकऱ्यांनीं, आणि तो देखील प्रेमानें! चौकास चार पुतळा, पुण्याच्या गाडीस हुतात्मा एक्स्प्रेस. गाडी चुकूं नये म्हणून धांवतांना कोणाचें नांव घ्यावयाचें? मोठा सन्मान देतांना माणूस त्याखालीं झांकला जातो, हें आम्हांस आमच्याच जिभेनें दाखविलें.

बारा जानेवारी ही तिथि सिद्धेश्वराच्या यात्रेला लागून येते. गांवांत नंदीध्वजांची गडबड, घरोघर तिळगुळाचा पाक. त्या वर्षीं फांशी झाली, तेव्हांही संक्रांत दोन दिवसांवर होती. यंदा त्या दिवशीं सकाळीं स्नान झाल्यावर नातवास जवळ बसवून चारी नांवें म्हणून घेतलीं. पहिलीं तीन त्यानें धडाधड म्हटलीं. चौथें ‘श्रीकिसन शारदा’ असें म्हणाला. ‘सारडा’ असें सांगून आम्हीं त्यास पुन्हां पहिल्यापासून म्हणावयास लाविलें.