तीन गोळ्यांचा टॉन्सिल

या महिन्याच्या टपालात जळोचीच्या एका वाचक-डॉक्टरांचं पत्र आहे. सात वर्षांचा मुलगा, गळ्यावर हळद-चुन्याचा लेप वाळून पापडी धरलेला. आजी दारातूनच सांगते, "डॉक्टर, घशाला गाठी आल्यात. एक सुई मारा, म्हंजी संध्याकाळपर्यंत खेळाया लागंल." डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा पाहिला. लाल आहे, पण ना सूज ना पू. नाक वाहतंय, खोकला आहे, ताप शंभराच्या आत. मानेच्या गाठी दाबल्या तरी पोरगं हसतंय. वयाचा एक गुण सोडला तर मॅकआयझॅकच्या हिशेबात पदरात काहीच पडत नाही. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहिलं, गुळण्या सांगितल्या, तीन दिवसांनी दाखवायला या म्हणाले.

मुलाचा बाप जळोची उपबाजारात हमाली करतो. चिठ्ठी घेऊन तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला आणि अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेऊन घरी आला. चौथ्या दिवशी पोरगं टुणटुणीत. आता गल्लीत बोलबाला मेडिकलवाल्याचा आहे. "मग माझी चिठ्ठी कशासाठी?" असं डॉक्टरांनी पत्राच्या शेवटी विचारलं आहे.

प्रश्न बारामतीचा तसा इंदापूरचाही आहे. विषाणूमुळे धरलेला घसा आपला आपण सुटतो. औषध न घेताही दहातले आठ घसे आठवडाभरात बरे होतात आणि बऱ्याच जणांना तिसऱ्या दिवशीच उतार पडतो. नेमकी त्याच दिवशी तिसरी गोळी संपते, म्हणून श्रेय गोळीच्या खात्यात जमा होतं. देशातल्या खासगी अँटिबायोटिक विक्रीच्या 2019 च्या आकड्यांवर 'लॅन्सेट'च्या दक्षिण-पूर्व आशिया नियतकालिकात 2022 मध्ये एक अभ्यास आला. त्यात पहिला नंबर अझिथ्रोमायसिन 500 चा होता आणि दुसरा सेफिक्झिम 200 चा. घसा दुखला की आपल्याकडे याच दोन स्ट्रिपा काउंटरवर येतात.

आता कागदाची गंमत. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे. यादीत 46 औषधं, दुकानात वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग. रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. सेफिक्झिम विकलं तर हे सगळं भरायचं, कारण ते त्या 46 मध्ये आहे. अझिथ्रोमायसिन त्या 46 नावांत नाही. म्हणजे जे औषध देशात सर्वांत जास्त खपतं, त्याला साध्या एच शेड्यूलची चिठ्ठी पुरते, आणि ती चिठ्ठी कुणी मागत नाही हे जळोचीच्या हमालालाही ठाऊक आहे. सेफिक्झिमचं रजिस्टर भरायचा कंटाळा आलेला दुकानदार अझिथ्रोकडे वळला, तर त्याला कुठल्या नियमाने अडवणार?

जानेवारी 2024 मध्ये आरोग्यसेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा, असं आवाहन केलं. 18 नोव्हेंबर 2025 रोजी दिल्लीत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्धच्या राष्ट्रीय कृती आराखड्याची दुसरी आवृत्ती निघाली. आराखडे चांगलेच असतात. पण गावातल्या मेडिकलच्या काउंटरवर ते कोण पोचवणार?

दोष एकट्या अधिकाऱ्यांचा नाही. 18 सप्टेंबर 2025 रोजी राज्यातले डॉक्टर होमिओपॅथना अॅलोपॅथीची औषधं लिहू देणाऱ्या सीसीएमपी नोंदणीच्या वादावरून दिवसभर संपावर गेले. औषध कोणी लिहावं, यावर रस्त्यावर उतरायची तयारी आहे. काय लिहिलं जातं, यावर तालुक्याच्या बैठकीत दहा मिनिटं काढायला कुणी तयार नाही. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, तिघांच्याही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर घशापुरता फरक अक्षराचाच दिसेल.

शिवाय तीन दिवसांचा हा डोस खऱ्या स्ट्रेप्टोकॉकसलाही पुरत नाही. पेनिसिलिनची खरीखुरी अॅलर्जी असलेल्या मुलाला घशासाठी अझिथ्रो द्यायचंच, तर किलोला 12 मिलिग्रॅम आणि पाच दिवस. पहिल्या पसंतीचं औषध अजूनही पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, तेही दहा दिवस. उद्देश घसा लवकर बरा करण्याचा नसून ऱ्हुमॅटिक फीव्हर टाळण्याचा आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झालं, तरी तो टळतो. म्हणून शंका असेल तर दोन दिवस थांबून पाहायला, जमल्यास रॅपिड टेस्ट करायला हरकत नसते. हे वाचकांना माहीत आहे; लिहिताना मात्र हात तीन गोळ्यांकडेच जातो.

पेशंट दहा दिवस गोळ्या घेत नाही, ही सबब निम्मी खरी आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या गाळपाच्या दिवसांत फडाच्या कडेला कोप्या पडतात. एकेका कोपीत पाच-सहा माणसं, पोरं एकाच गोधडीत. स्ट्रेपला याहून सोयीची जागा नाही. आज या फडावर असलेली टोळी पुढच्या आठवड्यात दुसरीकडे, तिथे दहा दिवसांचा कोर्स कोण पुरा करणार? अशा मुलासाठी बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं: 27 किलोच्या आत सहा लाख युनिट, त्यापुढे बारा लाख. पण रिअॅक्शनच्या धास्तीने डॉक्टर ते लिहीत नाहीत, डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून मेडिकलवाले ठेवत नाहीत. एखाद्याने लिहिलंच, तर "सर, ते आता येत नाही" हे उत्तर ठरलेलं.

याच पुणे जिल्ह्यात, पिंपरीत, 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठीच. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे देशातलं पेनिसिलिन-जी उत्पादन बसलं, आणि ते पुन्हा सुरू करायला सरकारला अनुदानाची योजना आणावी लागली. ऑक्टोबर 2024 मध्ये एनपीपीएने आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या कमाल किमती 50 टक्क्यांनी वाढवून दिल्या, कारण त्या भावात बनवणं परवडत नव्हतं. त्यात बेंझिल पेनिसिलिन 10 लाख युनिट होतं, एका सुईत काम भागवणारं बेंझाथिन नव्हतं.

मग चिठ्ठीचा उपयोग काय, याचं उत्तर चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला आहे. गुळण्या करा, एवढं तोंडी सांगितलेलं दवाखान्याच्या पायरीपर्यंतही टिकत नाही. आणि 'काही दिलं नाही' असं वाटलेला बाप मेडिकलमध्ये जातोच. त्याच्या हातात मराठीत छापलेला कागद हवा. त्यावर पॅरासिटामॉलचा डोस मिलिलीटरमध्ये लिहावा, बाटलीची ताकद पाहून. पाच मिलिलीटरमध्ये 125 आणि 250 अशी दोन्ही सिरप मिळतात आणि ड्रॉप्स तर एकाच मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅमचे. घरातल्या चमच्याने ते मोजले की घोटाळा झालाच. किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तासांचं अंतर, मुलांना अॅस्पिरिन नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, पण पाच वर्षांच्या पोराला गुळणी जमत नाही, त्याच्या मागे लागू नये. मध चालेल, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र नाही. भाकरीचा तुकडा टोचतो, म्हणून पेज, मऊ भात, ताक. थंड दह्याने किंवा आइस्क्रीमने दुखणं कमी होतं. बर्फाच्या गोळ्यावर विनाकारण आळ आहे, हेही लिहून टाकावं. तोंडात बोट घालून गाठी चोळून बसवायच्या नाहीत, हे ठळक अक्षरांत.

खाली, शक्यतो लाल शाईत: तोंड उघडेना, लाळ गिळवेना, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा येतो, मान एका बाजूने फुगली, श्वासाला आवाज येतो, आठ तास लघवी नाही किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसतो, तर त्याच दिवशी परत यायचं, रात्र असली तरी उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. घटसर्प संपलेला नाही.

जळोचीच्या डॉक्टरांनी असा कागद स्वतःच टाइप करून झेरॉक्स काढल्या आहेत. त्यांच्या परवानगीने तो या अंकाच्या मधल्या पानावर छापला आहे. प्रत्येकाने आपला शिक्का मारून वापरावा. बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांकडून येणारे घशाचे स्वॅब तपासायची सोय करावी, अशी विनंती या अंकाच्या प्रतीसोबत पाठवली जात आहे.

एक काम वाचकांचं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्रत्येक सदस्याने आपल्या गावातल्या मेडिकलमध्ये स्वतः जाऊन बेंझाथिन पेनिसिलिन आहे का ते विचारावं, आणि गावाचं नाव व 'आहे' किंवा 'नाही' एवढंच 25 तारखेपर्यंत कळवावं. गाववार यादी पुढच्या अंकात छापली जाईल आणि तीच अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाकडे जाईल. दुकानाचं नाव लिहू नये.