नदीकाठी बसायला कारण कशाला हवे?

आपल्या मोहल्ल्यातील मुलगी घराबाहेर पडते तेव्हा तिच्याकडे कारण असावे लागते. कॉलेज, दवाखाना, शादी, फार तर एखाद्या दर्ग्याची जियारत. "नदीवर तासभर बसून येते," हे कारण घरात चालत नाही. मुलांना निदान चहाची टपरी आणि हायवेवरचा ढाबा आहे. मुलींना, अम्मी-खालांना तेवढेही नाही. मोकळी हवा हेच पुरेसे कारण आहे आणि ते आपण घरोघरी मान्य करून घेतले पाहिजे, असे माझे मत आहे.

गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील मित्रमैत्रिणींना त्यासाठी चिखलदऱ्यालाच जायला हवे असे नाही. त्याच तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर आहे आणि तिथे वर्धा नदी आहे. मुलताईकडून येणारी ही नदी इथे अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमा होते. यात्रेचे दिवस सोडले तर काठावर शांतता असते. बगळे, खंड्या, टिटव्या पाहायला तिकीट लागत नाही.

"ते तर रुक्मिणीचे माहेर, तिकडे आपले काय काम?" असे काही जण विचारतील. मंदिराचा मान आपण राखायचाच. पण नदीचे पाणी दोन्ही काठांवरच्या सगळ्यांचे आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीत आश्रम उभारला आणि सर्व धर्मांच्या लोकांनी एकत्र बसावे अशी सामुदायिक प्रार्थना रुजवली. त्या मातीत वाढलेल्यांनी नदीकाठी संकोचाने का बसावे?

निसर्ग पाहणे ही आपल्यासाठी परकी हौसही नाही. मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेल्या सालिम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचे सारे आयुष्य पक्ष्यांमागे फिरले. असा प्रश्न पडायला आधी घराबाहेर पडावे लागते.

घरच्यांची काळजी मात्र खोटी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये याच वर्धा नदीत, वरुड तालुक्यातील झुंज येथे नाव उलटून अकरा जणांचा जीव गेला. म्हणून पावसाळ्यात नदीत उतरायचे नाही, भरगच्च नावेत बसायचे नाही आणि सेल्फीसाठी खोल पाण्याकडे सरकायचे नाही. हिवाळ्यातली सकाळ निवडा. दोन-तीन घरे मिळून जा. एखादी खाला, एखादे चाचा सोबत घ्या, म्हणजे "लोक काय म्हणतील" हा प्रश्नही अर्धा सुटतो.

आणखी एक. वाहत्या नदीवरही वुजूचे पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग बिर्याणीच्या थर्माकोलच्या प्लेटा काठावर टाकून येणे आपल्याला कसे शोभेल? डबे घरून न्या, कचरा पिशवीत भरून परत आणा, स्पीकर घरीच ठेवा.

येत्या रविवारी अम्मीला आणि बहिणीला विचारून पाहा. "कशासाठी?" असे त्यांनी विचारले तर काम शोधत बसू नका. "बसायला," एवढेच सांगा.