वरच्या पायरीचा भाव

२०२२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटो शहराच्या फुटबॉल संघाने मोठाच पराक्रम केला. अमेरिकेत 'यू. एस. ओपन कप' नावाची एक जुनी बाद पद्धतीची स्पर्धा आहे आणि तीत वेगवेगळ्या श्रेणींतील संघ समोरासमोर येऊ शकतात. दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या सॅक्रामेंटो रिपब्लिकने सॅन होजे, लॉस एंजेलिस गॅलेक्सी आणि स्पोर्टिंग कॅन्सस सिटी या पहिल्या श्रेणीतील तीन संघांना एकापाठोपाठ एक घरी पाठवले आणि अंतिम सामना गाठला. तेथे ऑरलँडो सिटीने त्यांना ३-० असे हरवले. पुढच्या वर्षी सॅक्रामेंटोचा संघ कोठे खेळला? दुसऱ्याच श्रेणीत.

या हकिकतीचा पूर्वार्ध अधिक बोलका आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'मेजर लीग सॉकर' या पहिल्या श्रेणीच्या लीगने सॅक्रामेंटोला आपल्यात सामावून घेण्याचे जाहीर केले होते. प्रवेशमूल्य वीस कोटी डॉलर. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रमुख गुंतवणूकदार रॉन बर्कल यांनी अंग काढून घेतले आणि सारेच बारगळले. दार उघडले ते पैशाच्या भरवशावर, मिटले ते पैसा मागे फिरल्यामुळे. आणि ज्या वर्षी या संघाने वरच्या तिघांना मैदानात हरवले, त्या वर्षी त्या दाराशी खेळाचा काही संबंध आहे असे कोणाला वाटलेही नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये (तेथे त्याला 'सॉकर' म्हणतात) गेली अनेक वर्षे जो वाद धुमसतो आहे, तो या दाराविषयीचा आहे. इंग्लंडपासून ब्राझीलपर्यंत बहुतेक देशांत हंगामाअखेर वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली जातात आणि खालच्या श्रेणीतील अव्वल संघ वर येतात. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीत हे होत नाही. या दोन क्रियांना मराठीत आपण 'बढती' आणि 'पदावनती' म्हणतो. दोन्ही शब्द कचेरीतून आलेले आहेत, त्यांना परिपत्रकाचा वास आहे, आणि त्यामुळे त्यांतील एक गोष्ट हरवते: कचेरीत बढती कोणीतरी देतो, येथे ती मिळवायची असते. आम्ही पुढे साधेपणाने 'चढणे' आणि 'उतरणे' असेच म्हणू.

हा भेद फुटबॉलमध्ये जन्मला नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. १८७६ मध्ये शिकागोच्या विल्यम हलबर्ट यांच्या पुढाकाराने बेसबॉलची 'नॅशनल लीग' स्थापन झाली. तिच्या घटनेतच असे होते की एका शहरात एकच क्लब असेल, आणि ते शहर किमान पंचाहत्तर हजार लोकवस्तीचे असेल. संघ कसा खेळतो याआधी गाव केवढे आहे हे विचारायचे, ही पद्धत येथून पडली. अमेरिकेतील पुढचे बहुतेक व्यावसायिक खेळ तिच्याच वळणाने गेले. इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग १८८८ मध्ये बारा क्लबांनी सुरू केली, तीही बंदच होती. पण १८९२ मध्ये दुसरी श्रेणी निघाली, वरच्या श्रेणीतील तळाच्यांचे आणि खालच्या श्रेणीतील अव्वलांचे कसोटी सामने होऊ लागले आणि १८९८ पासून चढ-उतार आपोआप होऊ लागला. दोन्ही देशांत माणसे व्यवहारीच होती. इंग्लंडमध्ये क्लबांची गर्दी एवढी होती की बाहेरच्यांना कायमचे बाहेर ठेवणे कठीण होते. अमेरिकेतील मालकांना ते साधले.

१९६८ ते १९८४ या काळात अमेरिकेत 'नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग' चालली. न्यूयॉर्क कॉसमॉसकडून पेले खेळले ते याच लीगमध्ये. ती कोसळली. पुढे १९९४ च्या विश्वचषकाचे यजमानपद मिळवताना पहिल्या श्रेणीची लीग उभारण्याचे आश्वासन अमेरिकेने दिले, आणि त्यातून १९९६ मध्ये 'मेजर लीग सॉकर' मैदानात आली. आधीच्या कोसळण्याची धास्ती तिच्या हाडीमाशी भिनलेली होती. म्हणून तिची रचनाच अशी केली गेली की संघ स्वतंत्र क्लब नाहीत. सगळी लीग ही एकच संस्था, 'मालक' म्हणजे तिचे भागधारक, खेळाडूंचे करार संघाशी नव्हे तर लीगशी. खेळाडूंनी १९९७ मध्ये या रचनेला न्यायालयात आव्हान दिले. २००० मध्ये ज्यूरीने आणि २००२ मध्ये अपिलात वरच्या न्यायालयाने लीगच्या बाजूने निकाल दिला. एकाच संस्थेच्या एका शाखेने दुसरीला खाली ढकलावे, ही कल्पनाच या रचनेत बसत नाही.

विरोधकांची बाजू दुबळी आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. जानेवारी २००२ मध्ये लीगने फ्लोरिडातील दोन्ही संघ बंद केले, दहा उरले, आणि त्यांतील बहुतेक फिलिप अ‍ॅन्शुट्झ, लामार हंट आणि रॉबर्ट क्राफ्ट या तिघांच्या हाती होते. तोटा सोसत ते टिकून राहिले, कारण आपली जागा खाली घसरणार नाही याची हमी होती. पुढे त्या जागेचा भाव चढत गेला: २००७ मध्ये आलेल्या टोरांटोने एक कोटी डॉलर भरले, तर २०२३ मध्ये सॅन डिएगोसाठी पन्नास कोटी ठरले. एवढे मोजून घेतलेली जागा एका वाईट हंगामात गमवायला कोण तयार होईल? सिनसिनाटीचे उदाहरण तर विरोधकांनी वहीत लिहून ठेवावे असे आहे. २०१९, २०२० आणि २०२१ अशी सलग तीन वर्षे तो संघ तळाला होता. इंग्लंडमध्ये तो पहिल्याच वर्षी उतरला असता. अमेरिकेत तो राहिला, सावरला आणि २०२३ मध्ये साखळीत सर्वाधिक गुण त्यानेच मिळवले. उलट इंग्लंडमधील बरी क्लब पाहा: १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफ. ए. कप जिंकलेला. २०१९ मध्ये तो मैदानावर चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत चढला आणि त्याच ऑगस्टमध्ये आर्थिक दिवाळखोरीमुळे लीगमधून काढून टाकला गेला. उघडी शिडी कोणाला जगवतेच असे नाही.

आता आमच्यासारख्या साहित्याच्या लोकांना भुरळ घालणाऱ्या युक्तिवादाकडे येऊ. तो असा, की उतरण्याचे भय नसेल तर गुणतक्त्याच्या तळाला गोष्टच उरत नाही. शेवटच्या महिन्यात तळाचे दोन संघ खेळतात तेव्हा पणाला काहीच नसते. उलट तळाला राहणाऱ्याला महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रम मिळतो, म्हणजे अपयशाला बक्षीस. हे खरे आहे. गंमत अशी की अमेरिकेलाच या गोष्टीची गोडी लागली आहे. 'टेड लासो' या अमेरिकन मालिकेचा २०२० चा पहिला भाग संपतो तो नायकाचा संघ खालच्या श्रेणीत उतरतो तेथे. दोन अभिनेत्यांनी २०२१ मध्ये वेल्समधील रेक्सम हा क्लब विकत घेतला, तो २०२३, २०२४ आणि २०२५ असा सलग तीनदा चढला, आणि त्याची चित्रमालिका अमेरिकन प्रेक्षक आवडीने पाहत आहेत. दुसऱ्याच्या घराचा जिना चढताना पाहायला सर्वांनाच आवडते.

तरीही या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नये असे आम्हांला वाटते. प्रेक्षकाच्या उत्कंठेसाठी एखाद्या क्लबाने खाली यावे, तिकीटखिडकीवरच्या आणि कपडे धुणाऱ्या माणसांनी नोकऱ्या गमवाव्यात, यात काही थोर नाही. शोकान्तिकेविषयी वर्गात बोलणे सोपे असते. चढ-उताराचे अमेरिकन समर्थक उतरण्याबद्दल फार उत्साहाने बोलतात. आळशी मालकांना शिक्षा व्हावी, हा त्यांचा आवडता सूर. आमच्या मते त्यांनी शिक्षेचा मुद्दा मागे ठेवावा. खरा प्रश्न रोचेस्टरचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील या शहराच्या दुसऱ्या श्रेणीतील संघाने १९९९ मध्ये पहिल्या श्रेणीतील चार संघांना हरवून ओपन कप जिंकला. तेव्हापासून आजवर पहिल्या श्रेणीबाहेरच्या कोणालाही ते जमलेले नाही. त्या विजयाने त्यांना चषक मिळाला, वरची जागा मिळाली नाही. ती विकत घेणारा कोणी निघाला नाही. क्लब क्षीण होत गेला. २०२१ मध्ये त्याच्या मालकीत इंग्लंडचा जेमी वार्डी सामील झाला: स्वतः तळाच्या अर्धव्यावसायिक श्रेणीतून चढत जाऊन २०१६ मध्ये लेस्टरबरोबर इंग्लंडचे विजेतेपद मिळवलेला खेळाडू. २०२३ मध्ये क्लब बंद पडला. वार्डीला त्याच्या देशात जी वाट सापडली, ती या क्लबासाठी अस्तित्वातच नव्हती.

न्यायालयाच्या वाटेनेही काही हाती लागले नाही. 'मायामी एफ. सी.' आणि 'किंग्स्टन स्टॉकेड' या दोन क्लबांनी २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली. लीगमधील सहभाग मुख्यतः खेळातील गुणवत्तेवर ठरावा, असे 'फिफा'चा नियम सांगतो. तो अमेरिकेलाही लागू करा, एवढेच त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२० मध्ये ते फेटाळले गेले.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती याच बंद घडणीवर. २०१६ मध्ये तिला सर्वांत वर बसवण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाठोपाठ धेंपो या क्लबांनी आय-लीग सोडली. यांतील धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता होता. पुढे आय-लीगच्या विजेत्याला वर घेण्याचे ठरले; २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग चढले, पण त्यांना जागा करून देण्यासाठी वरून कोणी उतरले नाही. उतरण्याची सक्ती न करताही दार किलकिले करता येते, एवढे यातून दिसते. ते किती काळ किलकिले ठेवता येईल, हा भाग वेगळा.

म्हणूनच मार्च २०२५ मधील एका निर्णयाकडे आम्ही आस्थेने पाहतो. अमेरिकेतील खालच्या श्रेणींचा कारभार पाहणाऱ्या 'युनायटेड सॉकर लीग'च्या मालकांनी आपापसांत चढ-उतार सुरू करण्याच्या बाजूने मतदान केले. तीन पायऱ्या, सर्वांत वरची पहिल्या श्रेणीच्या दर्जाची, आणि २०२८ पासून त्यांच्यामध्ये ये-जा, अशी ती घोषणा आहे. 'मेजर लीग'चे दार यात कोठेही नाही. परंतु ज्यांनी इतकी वर्षे वरच्यांकडे जिना मागितला, त्यांनी उतरण्याची जोखीम प्रथम स्वतःच्या डोक्यावर घेतली, यात आम्हांला नैतिक वजन दिसते. शिक्षेची भाषा करणाऱ्या समर्थकांत ते दिसत नाही.

अडचण मात्र राहतेच, आणि ती हलबर्ट यांच्या ओळखीची आहे. अमेरिकन फुटबॉल महासंघाच्या २०१४ च्या मानकांनुसार पहिल्या श्रेणीच्या लीगमधील किमान तीन चतुर्थांश संघ दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगर-क्षेत्रांतील असावे लागतात, आणि प्रत्येक मैदानात पंधरा हजार प्रेक्षक मावावे लागतात. विस्कॉन्सिनमधील मॅडिसनचा संघ 'युनायटेड सॉकर लीग'च्या तिसऱ्या श्रेणीत २०१९ पासून खेळतो. त्याच्या महानगर-क्षेत्राची वस्ती दहा लाखांच्या बरीच खाली आहे, आणि त्याच्या ब्रीज स्टीव्हन्स मैदानात सुमारे पाच हजार माणसे बसतात. हा संघ दोन पायऱ्या जिंकून वर आला, तर त्याला कोणत्या मैदानावर खेळवायचे हे महासंघाला ठरवावे लागेल. किंवा मानके बदलावी लागतील.