लॅपटॉप कंपनीचा, खुर्ची आपली

नोकरीच्या जाहिरातींत हल्ली एक ओळ सर्रास दिसते: 'घरून काम. स्वतःचा लॅपटॉप, ब्रॉडबँड आणि पॉवर बॅकअप असणे आवश्यक.' वाचणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, हीच गंमत. एखाद्या बँकेने कॅशियरच्या जाहिरातीत 'स्वतःचे नोटा मोजण्याचे मशीन आणावे' असं छापलं असतं, तर ते कात्रण दिवसभर व्हॉट्सॲपवर फिरलं असतं. पण काम घरात आलं की टेबल आपलं, वीज आपली, वायफाय आपलं, हे आपण न भांडता कबूल करून टाकलं आहे.

मार्च 2020मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, हे सगळं इतक्या घाईत झालं की विचारायला फुरसतच नव्हती. पुण्याच्या हिंजवडी-खराडीतून चादरीत गुंडाळलेले डेस्कटॉप कॅबच्या मागच्या सीटवर बसून घरोघर गेले. तेही सोपं नव्हतं. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांची यंत्रं करसवलतीत आलेली, त्यामुळे ती आवाराबाहेर न्यायची तर परवानगी हवी. कॉल सेंटरवर तर दूरसंचार खात्याची अशी अट होती की माणसाला घरून काम करू द्यायचं असेल, तर आधी एक कोटीची हमी ठेव ठेवा. ती अट मार्च 2020मध्ये शिथिल झाली, नोव्हेंबरात सगळी नियमावलीच सुटसुटीत केली गेली. पुढे जुलै 2022मध्ये सेझच्या नियमांत 43अ हा नवा नियम आला आणि लॅपटॉप, संगणक वगैरे साधनं कर्मचाऱ्याच्या घरी द्यायला रीतसर वाट मिळाली. म्हणजे संगणकाची काळजी वाहायला वाणिज्य खातं होतं, दूरसंचार खातं होतं, सीमाशुल्क खातं होतं. त्या संगणकापुढे नऊ तास बसणाऱ्या माणसाचं बूड कशावर टेकलंय, हे कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नव्हतं.

मी माझ्या कंपनीकडे खुर्ची मागितली तेव्हा एचआरमधली मुलगी अतिशय गोड बोलली. ती म्हणाली, "मॅम, पॉलिसीत नाहीये. आणि तुम्हाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. शिवाय ती टॅक्सेबल होईल, म्हणजे तुमचंच नुकसान." पहिली दोन उत्तरं प्रत्येक कार्यालयात भिंतीला टांगून ठेवलेली असतात, ती सोडून देऊ. तिसरं मात्र ऐकणाऱ्याला गप्प बसवतं. कर म्हटला की मराठी मध्यमवर्गीय माणूस दोन पावलं मागे सरतो. मी सरले नाही, कारण घरात एक सीए आहे आणि जेवताना त्याला दुसरा विषय सुचत नाही.

नियम असा. आयकराच्या नियमावलीत एक नियम पर्क्विझिटचा, म्हणजे पगाराशिवाय मालकाकडून मिळणाऱ्या सुखसोयींचा. वस्तू कंपनीच्या मालकीची राहिली आणि ती तुम्ही नुसती वापरली, तर तिच्या मूळ किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी तुमचं उत्पन्न धरायची. यातून लॅपटॉप आणि संगणक सरळ वगळलेले आहेत. खुर्चीचं नाव त्या अपवादात नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साहेबाच्या बंगल्यातला सोफा असणार. टू बीएचकेच्या बेडरूममध्ये कोपऱ्यात बसून बिलं तपासणारी बाई त्याला कुठून दिसावी?

बरं, नुकसान किती? समजा खुर्ची 12,000 रुपयांची. दहा टक्के म्हणजे 1,200 रुपये वर्षाला उत्पन्नात धरले. सगळ्यात वरच्या तीस टक्क्यांच्या पायरीवर असलात तरी कर 360 रुपये, त्यावर चार टक्के उपकर धरून 374. वर्षाचे. ही खुर्ची खास कामासाठीच दिली आहे, तेव्हा ती सुखसोय नव्हेच, असा वाद घालता येतो. पण 374 रुपयांसाठी तो घालायचीही गरज नाही. उलट कंपनीने उदारपणे तेच 12,000 'वर्क फ्रॉम होम भत्ता' म्हणून पगारात टाकले, तर सगळ्या रकमेवर कर बसतो आणि याच हिशेबाने 3,744 रुपये जातात. तेव्हा भत्ता नको, वस्तू द्या म्हणायचं. बिल कंपनीच्या नावाने, कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर. खुर्चीवर 18 टक्के जीएसटी आहे आणि कंपनीला त्याचं क्रेडिट मागायचं असेल तर बिल तिच्या नावावर असावं लागतं. तुम्ही तुमच्या नावाने आणून नंतर पैसे मागितलेत तर ती वाट बंद होते. अकाउंट्सवाल्यांशी या भाषेत बोललं की त्यांचा चेहरा बदलतो. खुर्चीबद्दल त्यांना काही वाटत नाही, पण क्रेडिट बुडालेलं त्यांना बघवत नाही.

मागण्याचीही एक रीत असते, आणि आपण ती चुकीच्या टोकाने धरतो. "पाठ फार दुखते हो" या वाक्यावर जगातल्या कुठल्याही मॅनेजरने आजवर सहानुभूतीपलीकडे काही मंजूर केलेलं नाही. पाठ तुमची आहे. कंपनीला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टींची: डेटा बाहेर जाईल, क्लायंटचं ऑडिट येईल, कॉलच्या मध्येच लाइन पडेल. घरातला लॅपटॉप मुलगा संध्याकाळी गेम खेळायला घेतो, असं एकदा ईमेलमध्ये लिहून बघा. वर्षभर स्टॉकमध्ये नसलेला कंपनीचा लॅपटॉप एका आठवड्यात कुरिअरने येतो. आपल्या पाठीसाठी नको, त्यांच्या पोटासाठी मागायचं. हे जरा निगरगट्टपणाचं वाटेल. असू दे.

आणि स्वतःचा लॅपटॉप वापरायला लावणं हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. कंपनी त्यावर आपलं सॉफ्टवेअर चढवते. कोणती ॲप्स आहेत ते बघायचा, पासवर्ड बदलायला लावायचा, आणि व्यवस्था तशी लावलेली असेल तर दुरून सगळं पुसून टाकायचा अधिकारही तिच्याकडे जातो. लेकीच्या बारशाचे फोटो आणि क्लायंटची एक्सेल शीट एकाच यंत्रात ठेवायची, तर निदान ते यंत्र कुणाच्या पैशाचं, हे तरी आधी ठरावं.

खुर्चीआधी एक छोटी मागणी करावी, ती बहुधा पदरात पडते. लॅपटॉप हे प्रवासासाठी घडवलेलं यंत्र. पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणलात तर हात छातीपर्यंत उचलावे लागतात, कीबोर्ड कोपरांच्या उंचीला ठेवलात तर मान दिवसभर खाली. दोन्ही एकदम जमणं शक्यच नाही. उपाय स्वस्त आहे: स्टँड, वेगळा कीबोर्ड, माउस. हे दोन-चार हजारांत बसतं आणि पुष्कळदा मॅनेजरच्या स्वतःच्या सहीने मंजूर होतं, वर कुणाला विचारावं लागत नाही. मोठा मॉनिटर फेब्रुवारी-मार्चमध्ये मागावा. तेव्हा न खर्चलेलं बजेट 31 तारखेला मरायला टेकलेलं असतं आणि एरवी कंजूष असलेले लोक अचानक 'काही लागतंय का?' विचारू लागतात.

विजेचं कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. पुण्यात गुरुवार हा महावितरणचा देखभाल-दुरुस्तीचा वार. ऑफिसात जनरेटर असतो. दिवे एक क्षण मिचमिचतात आणि पुन्हा लागतात, कुणी मानही वर करत नाही. घरी मात्र राउटर, पंखा, सगळं बंद. राउटरपुरता छोटा यूपीएस कंपन्या आता देतात, कारण माणूस मीटिंगमधून गायब झाला की त्यांनाच त्रास. पण इन्व्हर्टर मागितला तर 'तो तर घरच्यांसाठीही चालणार' हे उत्तर ठरलेलं. चालणारच. मे महिन्यात माझा पंखा फिरवायचा आणि सासूबाईंचा बंद ठेवायचा, अशी जोडणी करणारा इलेक्ट्रिशियन मला तरी माहीत नाही.

जगात इतरत्र हे सोडवलेलं आहे. पोर्तुगालने 2021मध्ये कायदा केला, तो जानेवारी 2022पासून लागू आहे: साधनं मालकाने द्यायची, वीज आणि इंटरनेटचा वाढीव खर्चही त्यानेच सोसायचा. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेत कलम 2802 आहे. कामासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा. करोनात प्रश्न आला की घरी बसायला सरकारने लावलं, मग आम्ही का द्यावं? 2023मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, कारण काहीही असो, काम तुमचं होतं, खर्च तुम्ही द्या. आता गंमत बघा. पुण्यातली कितीतरी माणसं रोज रात्री याच कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांबरोबर मीटिंगमध्ये बसतात. कंपनी तीच, काम तेच. एका खिडकीतल्या माणसाचं इंटरनेटचं बिल मालकाकडे जातं, शेजारच्या खिडकीतला जेवणाच्या टेबलावर दोन उशा घेऊन बसलेला. गूगलने मे 2020मध्ये घरच्या सामानासाठी एक हजार डॉलरपर्यंतची सोय जगभरातल्या कर्मचाऱ्यांना केली होती, तेव्हा कायदा नसला तरी देता येतं हेही उघड आहे. आपल्याकडे डिसेंबर 2020मध्ये केंद्राने सेवाक्षेत्रासाठी नमुना स्थायी आदेशांचा मसुदा काढला. त्यात घरून कामाचा उल्लेख आला. मालक तशी मुभा देऊ शकतो, एवढाच.

पण घरून काम ही आपल्याकडे काही 2020ची गोष्ट नव्हे. सोलापुरात, सिन्नरला, भंडारा-गोंदियाकडे बायका पिढ्यान् पिढ्या घरात बसून विड्या वळत आल्या. पानं आणि तंबाखू कारखान्याची. घर, उजेड आणि मोडलेली कंबर त्यांची. त्यांच्यासाठी 1966मध्ये विडी आणि सिगार कामगार कायदा झाला, आणि घरी काम करणारी बाई त्यात कामगार म्हणून धरली गेली. त्याच्या 39व्या कलमात कच्चा माल देण्यावरून आणि नापास केलेल्या विड्यांवरून होणारे तंटे झटपट सोडवायची तरतूद होती. म्हणजे मालक घरी काय देतो आणि किती देतो, यावर भांडायला जागा आहे, हे त्या कायद्याने मान्य केलं होतं. इंग्रजीत ईमेल लिहिणाऱ्या आमच्यासाठी तेवढंही कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि आम्हीही कधी मागितलं नाही. युनियन म्हटलं की आम्हाला फॅक्टरीचं गेट आठवतं आणि आपण त्यातले नव्हे असं वाटतं.

माझ्या टीममधला एकजण सोलापूरचा. त्याच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या, त्यावर हा इंजिनिअर झाला. खुर्चीची रडकथा त्याने तिला फोनवर सांगितली तेव्हा ती म्हणाली, "कात्री आमचीबी आमचीच होती की रे. पण पानं खराब निघाली तर आम्ही चारचौघी मिळून जाऊन भांडत होतो. तुम्ही कुणाकडं जाता?" त्याला उत्तर सुचेना. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून एकच ईमेल पाठवला, खाली सगळ्यांची नावं. एकट्याला 'सगळ्यांना द्यावी लागेल' म्हणता येतं. सगळ्यांनीच मागितल्यावर ते वाक्य निरुपयोगी होतं. मॉनिटर आले, कीबोर्ड आले. खुर्च्यांसाठी ऑफिसातल्याच जादा खुर्च्या 'तात्पुरत्या' म्हणून घरी न्यायला परवानगी मिळाली, टेम्पोचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं या अटीवर.

मिळालेल्या वस्तूंची नोंद मात्र लेखी करून घ्यावी. कोणती वस्तू, कोणत्या अवस्थेत, आणि परत करायची वेळ आली तर कुरिअर कुणाच्या खर्चाने. नोकरी सोडताना लॅपटॉप आवडला असेल तर तो मागूनही बघावा. जुना संगणक कर्मचाऱ्याला देताना वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला निम्मी किंमत उतरते. 60,000चा लॅपटॉप तीन वर्षांनी कराच्या दृष्टीने 7,500चा उरतो. चार्जर तेवढा सांभाळा. तो हरवला तर 'फुल अँड फायनल' हिशेबातून नव्याची किंमत कापतात. घसारा फक्त लॅपटॉपला लागू असतो.