विश्लेषण: आठवड्याला फक्त १५० मिनिटे… निम्म्या भारतीयांना तेवढीही हालचाल का जमत नाही?

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार हे आजार आता उतारवयापुरते राहिलेले नाहीत. ते टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून डॉक्टर नियमित चालण्याचा सल्ला देतात. तरीही देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असे एका जागतिक अभ्यासात आढळले आहे. याला केवळ आळस कारणीभूत आहे का? नेमका किती व्यायाम पुरेसा असतो? आणि महिला यात इतक्या मागे का आहेत?

अभ्यासात काय आढळले?

‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जून २०२४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा सहभाग होता. ५०७ सर्वेक्षणांतील सुमारे ५७ लाख लोकांच्या माहितीच्या आधारे १९७ देश आणि प्रदेशांसाठी अंदाज काढण्यात आले. २०२२ मध्ये जगातील ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी लोक, पुरेशी हालचाल करत नव्हते.

भारतात हे प्रमाण ४९.४ टक्के होते. २००० मध्ये ते २२.३ टक्के होते, म्हणजे दोन दशकांत दुपटीहून अधिक झाले. हाच कल कायम राहिल्यास २०३० पर्यंत ते ६० टक्क्यांच्या आसपास जाईल, असा अंदाज आहे. भारतीय पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर महिलांमध्ये ५७ टक्के आहे.

हे आकडे आजारांच्या आकड्यांसोबत वाचले की चित्र स्पष्ट होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे.

१५० मिनिटे म्हणजे नेमके काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार शारीरिक हालचाल करावी. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत.

एका आठवड्यात १० हजार ८० मिनिटे असतात. त्यातील १५० मिनिटे म्हणजे जेमतेम दीड टक्का वेळ. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालले तरी हे उद्दिष्ट पूर्ण होते.

‘मध्यम’ व्यायाम ओळखण्यासाठी घड्याळ किंवा पट्टा लागत नाही. चालताना श्वास वाढलेला आहे, सोबतच्या व्यक्तीशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम हालचालीची खूण. बोलतानाही धाप लागत असेल, तर ती हालचाल जोरदार समजावी. बहुतेकांसाठी मिनिटाला साधारण १०० पावले हा वेग मध्यम ठरतो.

पूर्वी किमान १० मिनिटे सलग केलेली हालचालच मोजावी, असे सांगितले जात असे. २०२० च्या सूचनांत ही अट काढून टाकण्यात आली. त्यामुळे स्टेशनपर्यंत झपाझप चालणे किंवा लिफ्टऐवजी जिना चढणे हेही हिशेबात धरता येते.

चालल्याने आजार कसा टळतो?

जेवणातून आलेली साखर रक्तातून पेशींमध्ये जाण्यासाठी एरवी इन्सुलिन लागते. इन्सुलिनचा प्रभाव कमी झाला की साखर रक्तातच साचते आणि टाइप २ मधुमेहाची वाट तयार होते. स्नायू काम करू लागले की मात्र ते इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातील साखर आत ओढून घेतात. शिवाय व्यायामानंतर पुढील एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते.

हा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. रविवारी तीन तास घाम गाळून उरलेला आठवडा खुर्चीत घालवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास साखरेच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. नियमित व्यायामाने रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारते आणि उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडाही काही अंकांनी खाली येतो.

याला पुरावा काय?

हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध ठळकपणे दाखवणारा पहिला मोठा अभ्यास लंडनच्या बसमध्ये झाला. डॉ. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून बस हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या जिन्याच्या रोज शेकडो पायऱ्या चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. वाहक आणि चालक यांच्यात इतरही फरक असू शकतात, असा आक्षेप पुढे आला. पण नंतरच्या अनेक अभ्यासांतून मूळ निष्कर्षाला बळच मिळाले.

भारतासाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील ‘इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’चे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचे गट करण्यात आले. तीन वर्षांत फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणे यावर भर दिलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांमध्ये ते ४०.५ टक्के राहिले.

म्हणजे चालणे आणि आहार यांचा परिणाम औषधाच्या तोडीस तोड होता. लक्षात घेण्यासारखी बाब म्हणजे या गटाचे वजन फारसे घटले नव्हते. वजनकाट्यावर फरक दिसत नाही म्हणून महिनाभरात चालणे सोडून देणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. अर्थात, व्यायाम करूनही अनेकांना मधुमेह झाला, हेही याच आकड्यांतून दिसते. व्यायामाने धोका कमी होतो, तो शून्यावर येत नाही.

बारीक असलेल्यांनाही व्यायामाची गरज आहे का?

होय, आणि याचे प्रसिद्ध उदाहरण पुण्यातील आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना करून २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छायाचित्रासह मांडली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती.

भारतीय शरीर दिसायला सडपातळ असले, तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. ही चरबी पोटाभोवती साचते. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे?’ हे व्यायाम टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. चालण्याच्या जोडीला उठाबशा, वजन उचलणे, भिंतीला टेकून केलेल्या जोर यांसारखे व्यायाम भारतीयांसाठी महत्त्वाचे ठरतात ते याचमुळे.

रोज १० हजार पावले चालायलाच हवीत का?

हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आले. या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मोजयंत्र’. जाहिरातीतला हा आकडा पुढे स्मार्ट घड्याळांत आणि मोबाइल ॲपमध्ये जाऊन बसला.

‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार रोज २ हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ७ हजार पावले चालणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. त्यापुढेही काही लाभ मिळतो, पण वाढीचा वेग मंदावतो. सर्वाधिक फायदा अजिबात न चालणारा माणूस थोडे चालू लागतो तेव्हा होतो. १० हजारांचा आकडा गाठता येत नाही म्हणून ४ हजारही न चालणे हा तोट्याचा सौदा आहे.

जिममधील जोरदार व्यायाम अधिक चांगला नाही का?

जोरदार व्यायामाने कमी वेळात लाभ मिळतो, हे खरे. पण ज्याला सवय नाही आणि ज्याला आपल्या हृदयविकाराची कल्पना नाही, अशा व्यक्तीने अचानक जोरदार व्यायाम केल्यास त्या वेळेपुरता हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. हळूहळू वाढवत नेलेल्या नियमित व्यायामाने हाच धोका कमी होत जातो. जिममध्ये कोसळल्याच्या चित्रफिती पाहून व्यायामच टाळणे योग्य नाही, पण पहिल्याच दिवशी धावण्याच्या पट्ट्यावर वेग वाढवणेही योग्य नाही.

चालताना छातीत दुखणे, जबडा किंवा डाव्या हातात कळ येणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसल्यास थांबून लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार असलेल्यांनी, पायाला जखम असलेल्या मधुमेहींनी, तसेच इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून सुरुवात करावी. चालायला लागलो म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

महिलांमध्ये प्रमाण अधिक का? घरकाम हा व्यायाम नव्हे का?

काही घरकाम नक्कीच व्यायामात मोडते. झाडणे, फरशी पुसणे, पाणी भरून आणणे ही मध्यम हालचाल आहे. पण ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटणे, भाजी निवडणे, भांडी लावणे ही कामे थकवणारी असली, तरी त्यांत हृदयाची गती पुरेशी वाढत नाही. ‘लॅन्सेट’च्या अभ्यासात कामावरची, घरातली, प्रवासातली आणि फावल्या वेळेतली अशी सर्व हालचाल धरली आहे. तरीही महिलांचा आकडा ५७ टक्के आला.

कारण वेळेच्या वाटणीत आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा आहे. सकाळी सहा ते आठ ही चालायला जाण्याची वेळ अनेक घरांत डबे आणि पाण्याची असते, तर संध्याकाळी अंधारलेल्या रस्त्यावर एकटीने जाणे सुरक्षित वाटत नाही. ‘वेळ काढा’ हा सल्ला घरातील कामाची वाटणी बदलल्याशिवाय पोकळ ठरतो.

यात रस्त्यांचा आणि मैदानांचा काय संबंध?

‘इंडियाब’च्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या पाहणीत फावल्या वेळेत व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी आढळले होते. शहरांत निष्क्रियता खेड्यांपेक्षा अधिक होती.

जागा मिळाली तर लोक चालतात, हेही चेन्नईनेच दाखवले. तेथील एका मध्यमवर्गीय वसाहतीत आरोग्य जागृतीनंतर रहिवाशांनी स्वतः पैसे उभे करून उद्यान बांधले. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण आधी १४.२ टक्के होते, ते नंतरच्या पाहणीत ५८.७ टक्क्यांवर गेले.

उलट चित्र रस्त्यांवर दिसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यापैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. पण वर्षातून एक दिवस मोकळा रस्ता मिळून कोणाची साखर आटोक्यात येत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्याची अंमलबजावणी मात्र महापालिका आणि नगरपालिकांच्या हाती आहे.

मग सुरुवात कशी करायची?

पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटे पुरेशी आहेत. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवल्यास महिनाभरात अर्ध्या तासाच्या जवळ पोहोचता येते. जेवणानंतर चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते. आपल्याकडे शतपावलीची पद्धत आहेच. मात्र शंभर पावले म्हणजे जेमतेम एक मिनिट. ती १० ते १५ मिनिटांपर्यंत वाढवली, तर दोन जेवणांनंतर मिळून अर्धा तास भरतो. बसून काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे फिरावे.

व्यायामासाठी घरातील प्रत्येकाची वेळ ठरवताना ती वेळ मोकळी करून देण्याची जबाबदारीही वाटून घ्यावी लागेल. आणि पुढच्या महापालिका निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला पाणी आणि कचऱ्यासोबत आणखी एक प्रश्न विचारता येईल. आपल्या प्रभागात आई-वडिलांना सलग अर्धा तास निर्धास्त चालता येईल, असा पदपथ नेमका कुठे आहे?