कोटेशनवर सही करण्याआधी कोड वाचा!

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्या मराठी बंधू-भगिनींना कळकळीचे आवाहन

विजेच्या तपासणीची सक्ती इंग्लंडमधल्या जुन्या भाडेकरारांना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. त्या सुमारास घाईघाईने करून घेतलेल्या तपासण्यांची पाच वर्षांची मुदत भरत आली आहे किंवा भरलीही आहे. आपल्या अहवालावरची तारीख आजच पाहा. पुण्या-मुंबईत राहून एजंटमार्फत घर सांभाळत असाल, तर अहवाल मागवून स्वतः वाचा.

तपासणी टाळू नका. पण ‘असमाधानकारक’ असा शेरा आणि सोबत हजारो पौंडांचे कोटेशन आले, म्हणून दंडाच्या धास्तीने डोळे झाकून पैसेही भरू नका. आधी प्रत्येक नोंदीपुढचा कोड पाहा.

सी-१ : धोका आत्ताच आहे. फुटलेल्या सॉकेटमधून उघडी तार दिसते, लहान मुलाचे बोट सहज पोचेल. हे काम ताबडतोब करा.

सी-२ : धोका संभवतो.

एफआय : आणखी तपास हवा.

या तिन्हींची पूर्तता २८ दिवसांत, अहवालात कमी मुदत दिली असल्यास तेवढ्यात, करणे बंधनकारक आहे. इथे एका पेनीचीही काटकसर करू नका. त्या घरात कुणाचे तरी कुटुंब राहते.

सी-३ : ही फक्त सुधारणेची शिफारस. सगळ्या नोंदी सी-३ असतील, तर अहवाल ‘समाधानकारक’च ठरतो. जिन्याखालच्या प्लास्टिकच्या फ्यूजबॉक्सवर तापल्या-करपल्याच्या खुणा नसतील आणि बाकी सारे ठाकठीक असेल, तर निव्वळ प्लास्टिकचा म्हणून त्याला सहसा सी-३च मिळतो. बदललात तर उत्तम. पण ‘बदलल्याशिवाय घर भाड्याने देताच येणार नाही’ या म्हणण्यात तथ्य नाही. विजेच्या कामांच्या नियमावलीची नवी आवृत्ती निघाली, एवढ्यावरून जुने वायरिंग धोकादायक ठरत नाही.

शंका आली तर नोंदीचे कारण, नेमकी जागा आणि फोटो लेखी मागा. दुसऱ्या पात्र, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचे मत घ्या. तपासणी करणाऱ्याकडूनच दुरुस्ती करून घ्या, असे कायदा सांगत नाही. मात्र वाद घालण्यात मुदत घालवू नका. काम झाल्यावर लेखी दाखला घ्या आणि अहवालासह तो २८ दिवसांत भाडेकरूला व कौन्सिलला द्या.

ओळखीच्या प्रत्येक घरमालकापर्यंत हे पोचवा. नाहक दुरुस्तीत पैसे संपले की खऱ्या धोक्याचे काम पुढे ढकलले जाते, आणि त्याची किंमत भाडेकरू मोजतो. तसे होऊ देऊ नका.