झाडांची खातेवही

फळीवरील एक डबा कमी झाला तर आमच्या व्यापारी बंधूंस त्याच रात्रीं कळतें. परंतु दुकानापुढील जुना कडुनिंब नाहींसा झाला, तर तो केव्हां व कोणाच्या परवानगीनें गेला, हें महिन्यानेंहि सांगतां येत नाहीं. डबा वहींत मांडलेला असतो, झाड मांडलेलें नसतें.

महाराष्ट्रांतील नागरी भागांकरितां वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ सालीं झाला. दर ५ वर्षांनीं झाडांची गणना व्हावी, व तोडावयाच्या झाडावर नोटीस डकवावी, असें त्यांत आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें वा अधिक वयाच्या झाडांस वारसा-वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिलें. फार उत्तम, परंतु ज्या झाडाचें वय कोणींच लिहून ठेविलें नाहीं, तें ५० वर्षांचें आहे हें सिद्ध कोणीं करावयाचें? करवत घेऊन आलेला मनुष्य तें तिसांचेंच म्हणणार!

शहराच्या एकूण आकड्यानें हें काम भागत नाहीं. आम्हांस पाहिजे ती रस्तावार यादी. झाडाची जात, नेमकी जागा, जमिनीपासून सुमारें साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर, आणि त्याची व्यथा: ठोकलेले खिळे, पोकळ खोड, बुंध्यापर्यंत आलेलें काँक्रीट. शिंप्याची टेप व एक वही एवढेंच साहित्य लागतें. घेरावरून वयाचा अजमास येतो, आणि ५ वर्षांनीं पुन्हां मोजल्यास वाढहि दिसते. न्यूयॉर्क शहरीं २०१५ सालीं सामान्य नागरिकांच्या साहाय्यानें रस्त्यांवरील सुमारें ६ लाख ६६ हजार झाडें मोजून नकाशावर मांडलीं गेलीं. आमच्या एका पेठेस शेदोनशें झाडें जड कां व्हावीं?

एकदां नोंद झाली कीं फांदीहि छाटतां येणार नाहीं, पाटी कायमची झांकली जाईल, अशी कांहीं दुकानदारांची धास्ती आम्हीं ऐकिली आहे. ती अगदींच निराधार नाहीं. परवानगीस विलंब लागतो हें खरें. परंतु पोकळ खोडाची लेखी नोंद असेल, तर पावसाळ्यांत तें छपरावर कोसळण्यापूर्वीं अधिकाऱ्यास जाब विचारतां येतो. नोंद नसल्यास तक्रार कोणत्या झाडाची, येथूनच वाद!

पुढील पावसापूर्वीं प्रत्येक रस्त्यावरील दोन दुकानदार व शाळेंतील चार मुलें यांनीं एक रविवार या कामीं द्यावा, यादीची एक प्रत वृक्ष अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी, आणि दुसरी दुकानांत टांगावी.